पायांशी बसणारे शांतवन मास्तर

शांतवन मास्तरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नव्हते. एकोणतीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट. अमरावतीजवळच्या आमच्या कुष्ठरोग दवाखान्यात मी फिजिओथेरपी तंत्रज्ञ म्हणून रुजू व्हायला आले होते. सकाळच्या एसटीने अकोल्याहून निघाले, फाट्यावर उतरले आणि खांद्याला पिशवी, हातात नेमणुकीचे पत्र अशी चालत आत आले. व्हरांड्यात एक गृहस्थ जमिनीवर बसले होते. समोरच्या म्हाताऱ्या रुग्णाचा बोटे झडलेला पाय त्यांनी कागदावर ठेवून घेतला होता आणि त्याच्या कडेने ते पेन्सिल फिरवत होते. मी विचारले, "मोठ्या डॉक्टरांची खोली कुठे आहे?"

मान वर न करता ते म्हणाले, "थांबा जरासक. माप घेऊन राहिलो."

मी दहा मिनिटे उभी राहिले. तेवढ्या वेळात त्यांनी त्या पायाचा तळवा अंगठ्याने जागोजाग दाबला. प्रत्येक वेळी ते विचारत, "अठी समजते का, दाजी?" आणि म्हातारा दर वेळी "नाई" म्हणे. काम झाल्यावर ते उठले. आधी माझ्या पायांकडे आणि मग चेहऱ्याकडे पाहून त्यांनी खोली दाखवली. मी मनात म्हटले, आता असल्या माणसांत दिवस काढायचे. हे लिहिताना मला लाज वाटते. पण हा गौरवलेख मास्तरांना वाचून दाखवला जाणार आहे आणि गुळमुळीत लिहिलेले त्यांना लगेच कळते. म्हणून जसे होते तसे लिहिते.

माझ्या मनात ही अढी का होती, तेही सांगायला हवे. माझे वडील अकोल्यात शाळामास्तर. चर्चच्या मंडळीत त्यांचा मान मोठा. थोरला भाऊ पहिल्याच वर्षी डॉक्टरीला लागला. मी दोनदा परीक्षा दिली आणि दोन्ही वेळा राहिले. मग हा छोटा अभ्यासक्रम केला. वडील लोकांना सांगत, "मुलगी हॉस्पिटलात आहे," आणि पुढचे वाक्य बोलत नसत. ऐकणाऱ्याने डॉक्टर समजावे, एवढी जागा ते मोकळी सोडत. त्या मोकळ्या जागेत मी पुष्कळ दिवस राहिले.

मास्तरांविषयी मला हळूहळू कळत गेले. शांतवन यशवंत तायडे. दवाखान्याच्या चप्पल विभागाचे कारागीर, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांचे आईवडील दोघेही कुष्ठरोगी आणि दोघेही इथल्याच वसाहतीत राहिलेले. त्या काळी रुग्णांची निरोगी लेकरे वेगळी ठेवली जात. मास्तर चार वर्षांचे असताना त्यांना शहरातल्या वसतिगृहात नेले. महिन्यातून एकदा भेट असे. कडुनिंबाखाली जमिनीवर चुन्याची रेघ ओढलेली असायची. रेघेच्या एका बाजूला आईबाप, दुसऱ्या बाजूला लेकरे. मास्तरांची आई काडीने बोरांची पुडी रेघेपलीकडे सरकवत असे. ते हे सांगतात तेव्हा त्यांच्या आवाजात तक्रार नसते. एकदाच म्हणाले, "बोरं चांगली राहेत. आईचा हात तेवढा लांब राहे."

त्यांना पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, व्हायचे होते. आवाज खणखणीत आणि शास्त्राची वचने तोंडपाठ. एकोणिसाव्या वर्षी ते मुलाखतीला गेले. शिक्षण कमी पडले, हे कारण कागदावर आले. तोंडी मात्र समोरच्या एका ज्येष्ठाने विचारले, "तू वसाहतीतला. प्रभुभोजनाची भाकर तुझ्या हातून लोक घेतील का?" ते परत आले. दवाखान्याने त्यांना चप्पल विभागात बसवले. नातेवाईक म्हणाले, वचनं पाठ करून शेवटी चपलाच शिवायच्या होत्या तर!

या चपलांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण मास्तरांचे सारे आयुष्य त्यांच्यात गेले आहे. कुष्ठरोगात पायाची संवेदना जाते. खडा टोचला, चटका बसला, तरी माणसाला कळत नाही. तो चालत राहतो आणि जखम हाडापर्यंत जाते. म्हणून अशा पायाला आतून मऊ रबराची, प्रत्येक पायाच्या मापाने उंच-सखल केलेली चप्पल लागते. तिच्यात एकही खिळा चालत नाही. सगळे शिवायचे आणि चिकटवायचे. खिळा वर आला तर तो पायात जाईल आणि पायाच्या मालकाला पत्ता लागणार नाही. मास्तर एक जोड शिवायला दोन दिवस घेत. मग तळहाताने, मग मनगटाच्या आतल्या नाजूक कातडीने आतली बाजू चाचपत. कुठे काही लागले, तर जोड पुन्हा उसवत.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी चांदूर बाजारहून कमलबाई येऊ लागल्या. पतिपत्नी भाजीपाला पिकवून बाजारात विकत. रोग औषधाने बरा झालेला होता, पण उजव्या तळव्याची जखम भरे आणि पुन्हा फुटे. त्यांना दोनदा चप्पल करून दिली. त्या घालत नसत. दवाखान्याची चप्पल जाड, काळी, मागे पट्टा असलेली. लांबूनच ओळखू येई. तिसऱ्यांदा त्या अनवाणी आल्या तेव्हा माझा तोल गेला. बाकावर आणखी दहाबारा माणसे बसलेली होती. मी त्यांच्यादेखत मोठ्याने म्हटले, "चप्पल घालायची नसेल तर इथे येत जाऊ नका. आमचाही वेळ जातो."

कमलबाई उठल्या. पदर सावरून निघून गेल्या आणि दोन महिने आल्या नाहीत.

आल्या तेव्हा त्यांचे यजमान त्यांना उचलून घेऊन आले. पाय सुजून टरटरलेला, अंगात ताप. शल्यचिकित्सक म्हणाले, अर्धे पाऊल काढावे लागेल असे दिसते. तरी प्रयत्न करून बघू. जखम साफ करून त्यांनी पाय प्लास्टरमध्ये ठेवला. मी कमलबाईंच्या खाटेपाशी गेले. त्यांनी मला पाहून पाय आखडला आणि म्हणाल्या, "बाई, चूक झाली माही. गावात त्या चपला घातल्या असत्या तं कोनी भाजी घेतली नसती. पोरीचं लग्न जमून राहिलं होतं." माझ्यामुळे त्यांची ही दशा झाली होती आणि क्षमा त्या माझी मागत होत्या.

त्याच दिवशी मी राजीनामा लिहिला. जेवणाच्या सुटीनंतर तो घेऊन ऑफिसकडे जाताना वाटेत चप्पल विभाग लागला. आत शिरायचे कारण नव्हते, पण शिरले. मास्तर एकटेच रबर कापत बसले होते.

"मास्तर, मी नोकरी सोडते आहे."

"काहून?"

"मी कशाच्याच उपयोगाची नाही. डॉक्टर व्हायला निघाले, ते जमलं नाही. हे एवढंसं काम मिळालं, तेही नीट करता आलं नाही."

त्यांनी कात्री खाली ठेवली. मला वाटले, ते आता समजूत घालतील, तुमची काही चूक नाही म्हणतील. ते म्हणाले, "चूक तं झाली, बाई. काम लहान वाटलं म्हून तुमी त्या माउलीकडं उभ्या-उभ्यानं पाह्यलं. म्याबी तसंच केलतं."

मग त्यांनी जे सांगितले ते तोवर त्यांनी फार थोड्यांना सांगितले असावे. चप्पल विभागात येऊन त्यांना वर्ष होत आले होते. मन लागत नव्हते. रोज सकाळी कातडे शिवायची आरी हातात घेताना त्यांना ती मुलाखत आठवे. त्या सुमारास स्वतःच्या वडिलांची चप्पल करायची वेळ आली. टाचेशी दुहेरी शिवण घालायची होती. त्यांना कंटाळा आला. त्यांनी एक बारीक खिळा ठोकला आणि वरून रबर चिकटवले.

"रविवारी माहा बाप त्या चपला घालून उपासनेले आला," मास्तर सांगत होते. "आल्या-आल्या चौघाइले दाखोल्या, माह्या पोरानं केल्या म्हून. गीत चालू होतं. म्या सहज खाली पाह्यलं, तं फरशीवर लाल ठिपके. दारापासून त्याच्या बाकापर्यंत. आनं तो आपला टाळ्या वाजवून गाऊन राहिला होता."

मी विचारले, "तुम्ही त्यांना सांगितलंत?"

"सांगतलं. खिळा म्याच ठोकला, शिवाचा कंटाळा आला म्हून. हेबी सांगतलं का मले हे काम नोको, मले देवानं खाली पाडलं."

"मग ते काय म्हणाले?"

"तो रागावला नाई. म्हने, बापू, प्रभूनं शिष्याइचे पाय धुतले, ते काय उभ्यानं धुतले असन? उभ्यानं पाय धुता येत नाई. त्याले खाली बसा लागलं. त्याले लाज नाई वाटली, तं तुले काहून वाटते?" मास्तरांनी कात्री पुन्हा उचलली. "तवा मले समजलं, बाई. मले कोनी पाडलं नव्हतं. मी जठी बसलो होतो, तठी प्रभू माह्या आंधीच येऊन बसला होता. म्याच त्याच्याकडं पाह्यलं नव्हतं, वर पाहून राहिलो होतो."

माझ्या हातातला कागद त्यांनी मागितला नाही की फाडला नाही. एवढेच म्हणाले, "राजीनामा द्याचा तं द्या. पन लहान आहो म्हून नोका देऊ. लहान तं आपन आहोच. त्याच्यात काय नवीन हाये? आनं द्याचा नसन तं उद्या माह्यासंगं चांदूर बाजारले चला. उद्या बाजार हाये."

मी राजीनामा पिशवीत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर गेले.

बाजारात मास्तर दोन तास नुसते बायकांच्या पायांकडे पाहत हिंडले. कुणी काय म्हणेल याची मला धास्ती. त्यांचे लक्ष नव्हते. भाजीवाल्या, दळण नेणाऱ्या, शाळेतल्या बाई अशा सगळ्यांच्या पायांत काय आहे, ते बघत होते. फिरता फिरता आम्ही कमलबाईंच्या दुकानासमोर आलो. त्यांचे यजमान तागडी घेऊन बसले होते. आम्हाला पाहताच त्यांचा हात थांबला. आजूबाजूला सगळी गावची माणसे. दवाखान्यातला माणूस आता काय बोलतो, या भीतीने त्यांचा चेहरा उतरला. मास्तर पुढे झाले. अनोळखी गिऱ्हाइकासारखी त्यांनी मेथीची जुडी उचलली, पाने पिवळी आहेत म्हणून परत ठेवली, दुसरी घेतली आणि पुढे चालू लागले. मी वळून पाहिले. ते गृहस्थ मान खाली घालून भाजीवर पाणी शिंपडत होते आणि उपरण्याने डोळे पुसत होते.

मास्तरांनी एका दुकानातून बायकांची चप्पल घेतली. मरून रंगाची, पट्ट्यावर सोनेरी फूल असलेली, त्या हंगामात निम्म्या बाजाराच्या पायांत होती तशी. दवाखान्यात येऊन त्यांनी ती टाक्यान् टाका उसवली. मग आत मऊ रबर बसवून, बाहेरून हुबेहूब तशीच दिसेल अशी चप्पल शिवायला घेतली. पहिली फार जाड झाली. दुसरीत मागचा पट्टा लपेना. तिसरी साधली. माप घेताना, रबर घासताना, आतली बाजू चाचपताना ते मला शेजारी बसवून घेत. कमलबाईंचा पाय मी तोवर जखम म्हणून पाहिला होता. मास्तरांनी तो मला पाय म्हणून पाहायला शिकवला. कुठे भार पडतो, कोणते बोट उचलत नाही, चालताना बाई कुठे वळतात, हे त्यांच्या पायाशी बसल्यावर दिसू लागले.

प्लास्टर निघाले. एक बोट गेले, पाऊल वाचले. मास्तरांनी चप्पल पुढे केली तेव्हा कमलबाईंनी ती उलटी केली, सुलटी केली, पट्टा ओढून पाहिला.

"हे दवाखान्याची हाय?"

"हो."

"दिसत तं नाई."

"दिसाले काहून पायजे?" मास्तर म्हणाले.

त्या चप्पल घालून व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. परत येताना त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि हसल्या. मी त्यांची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या बाई, तुमी तवा नवीन होत्या." ती जखम पुन्हा फुटली नाही. पुढे आमच्याकडे प्रत्येक रुग्णाला विचारले जाऊ लागले, तुमच्या गावात कशा चपला घालतात? परतवाड्यापासून बाळापूरपर्यंत किती पाय त्या चपलांमुळे चारचौघांत निर्धास्त चालले, याची नोंद कोणी ठेवलेली नाही. मास्तरांनी तर नाहीच.

गौरवलेखात दोष सांगू नयेत असा संकेत आहे, पण मास्तर हट्टी आहेत हे सांगितल्याशिवाय हे चित्र खरे होणार नाही. रबर हलके आले की ते भांडारपालाशी आठवडाभर बोलत नसत. त्यांनी कुणाची स्तुती केलेली मी ऐकलेली नाही. माणसांची नावे त्यांच्या लक्षात राहत नाहीत. दहा वर्षांनी आलेल्या रुग्णाला ते तोंडावरून ओळखत नसत. पाय पाहिला की मात्र म्हणत, "अरे, तुमी तं मोझरीकडचे." मंडळीत पाळक प्रवचन देताना चुकले तर मास्तर बाकावर खाकरत. एकदा मी विचारले, अजून पाळक व्हावेसे वाटते का? ते म्हणाले, "वाटते कधीमधी. लाज काय त्याची?" मनातली दुखरी जागा नाहीशी झाली, असे त्यांनी कधी भासवले नाही. म्हणून मला त्यांच्यावर विश्वास ठेवता आला. माझेही लहान असणे काही गेले नाही. पण ते आता मला बोचत नाही. मी त्यात राहू शकते.

एक व्यक्तिगत ऋण आहे. माझे वडील एकदाच दवाखाना पाहायला आले. मी त्यांना घाईघाईने मोठ्या इमारतीकडे नेत होते. मास्तर आडवे आले. वडिलांनी रीतीप्रमाणे विचारले, "आमच्या मुलीचं काम बरं आहे ना?" मास्तर त्यांना हाताला धरून व्यायामाच्या खोलीत घेऊन गेले. तिथे एक तरुण शेतकरी शस्त्रक्रियेनंतर बोट वाकवायला शिकत होता. मास्तर म्हणाले, "पाहा गुरुजी, डॉक्टरसायबानं नस जोडली. पन बोटाले ते मालूम नाई. या बाई रोज त्याले सांगतात, वाक बापा, वाक. तीन महिने सांगतात, तवा तो घास तोंडात घालते." वडील बराच वेळ त्या बोटाकडे पाहत उभे राहिले. त्यानंतर अकोल्यात कुणी विचारले की ते सांगू लागले, "माझी मुलगी कुष्ठरोग्यांची बोटं हलवायला शिकवते." पुढचे वाक्य आता ते पूर्ण बोलत.

निवृत्तीनंतरही मास्तर रोज विभागात येत राहिले. वसाहतीतल्या दोन स्त्रियांना त्यांनी सगळे काम शिकवले. आज विभाग त्या दोघी सांभाळतात. आता मधुमेहाने बधिर झालेले पायही त्यांच्याकडे येतात, अकोल्या-अमरावतीच्या चांगल्या सुखवस्तू घरांतून. पण गेल्या वर्षी मास्तरांच्या डोळ्यांना काचबिंदू असल्याचे निघाले. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची, असे डॉक्टरांनी सांगितले. सुईत दोरा जाईना. एक दिवस शिवण चुकली. त्यांनी ती स्वतः उसवली आणि आरी त्या दोघींच्या हवाली करून घरी आले.

मागच्या हिवाळ्यात मी त्यांना भेटायला गेले. अंगणात खाटेवर बसले होते. त्यांच्या पत्नी मार्थाबाई शेजारी तुरीच्या शेंगा सोलत होत्या. इकडचे तिकडचे बोलणे झाले. मग मास्तर एकदम म्हणाले, "बाई, आता मी कोनाच्या कामाचा?"

लहान कामात मोल असते, हे मी त्यांच्याकडून शिकले होते. पण काम संपल्यावर काय, हे त्यांनीही शिकवले नव्हते.

मार्थाबाईंचे हात थांबले नाहीत. शेंगा सोलता सोलताच त्या म्हणाल्या, "देवानं तुमाले काय नोकर म्हून ठेवलं होतं का? त्यानं लेकरू म्हून ठेवलं. लेकराले कोनी इचारते का, तू कोन्या कामाचा म्हून?"

मास्तरांनी सुपाकडे हात नेला. "आन अर्ध्या शेंगा. हातानं तं समजतात."

मार्थाबाईंनी सूप बाजूला ओढले. "नाई. आज नुसते बसा."

आणि मास्तर बसले. उन्हात, दोन्ही हात मांडीवर मोकळे ठेवून. इतक्या वर्षांत मी त्यांचे हात रिकामे पाहिले नव्हते. सुरुवातीला त्यांची बोटे चाळवत होती. मग शांत झाली. चेहऱ्यावर जे आले, त्याला मी समाधान म्हणत नाही, कारण त्यात थोडे नवलही होते. पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर माणूस काही नवीन शिकत असला म्हणजे तो जसा दिसतो, तसे ते दिसत होते.

मास्तर, तुमची उरलेली नजर प्रभू राखो. गुडघे, छाती, झोप सारे धड राहो. मार्थाबाई तुमच्या शेजारी असोत आणि तुमच्यावर अशाच ओरडत राहोत. आम्ही सगळे तुमच्या हाताखाली खूप काही करायला शिकलो. आता काहीही न करता तुमच्याजवळ बसायचे आहे, एक नाही, पुष्कळ हिवाळे. तेवढे आयुष्य तुम्हाला लाभो, अशी त्या सर्वांच्या वतीने प्रार्थना करते, ज्यांचे पाय तुम्हाला ठाऊक आहेत आणि ज्यांची नावे तुम्ही विसरला आहात.